एकाच ढिगाची सुपारी

कासम,

तू गेल्यापासून आमच्या घरात शांतता नांदते आहे आणि ती मला मुळीच मानवत नाही. काल आमची ही म्हणाली, "अहो, सकाळपासून तुम्ही कोणाला मूर्ख म्हणाला नाहीत. बरं नाही का वाटत?" आता तिला काय सांगायचं? मूर्ख म्हणायला हक्काचा माणूस लागतो. रस्त्यावरच्या कोणालाही म्हणत सुटलो तर लोक मारतील.

लोक भेटायला येतात. माझ्या घरी! ना नातं ना गोतं, पण अर्धं चौल "फार वाईट झालं हो मास्तर" म्हणत माझ्या ओटीवर येऊन बसतं. आधी मोहल्ल्यात तुझ्या आईकडे जाऊन येतात, मग इकडे वळतात, जसा काही मी तुझा सख्खा भाऊ. पहिल्या दिवशी मला ते चमत्कारिक वाटलं. दुसऱ्या दिवशी मी हिला सांगून ठेवलं, येणाऱ्याला चहा दे.

तुझी कहाणी इथे सांगत बसत नाही. ती तूच इतक्यांदा सांगितलीस की गावाला पाठ आहे. आपण मराठी शाळेत शेजारी बसलो, एकमेकांच्या वाटच्या छड्या खाल्ल्या. मी पुढे शिकून मास्तर झालो आणि वडिलांच्या मागे त्यांची नारळी-पोफळीची वाडी बघायला लागलो. तू बोटीवर आगवाला झालास, म्हणजे भट्टीत कोळसा ओढायला गेलास. मग जगभर मंदी आली, बोटी ठिकठिकाणच्या गोद्यांत रिकाम्या उभ्या राहिल्या आणि तू परत आलास. येताना एक ट्रंक आणलीस, एक खोकला आणलास आणि सात समुद्रांवरची मतं आणलीस. खोकला माझ्या काढ्यानं गेला. मतं काही गेली नाहीत.

आपलं पहिलं मोठं भांडण रहाटावर झालं. बैल फिरत होता, पाटाचं पाणी पोफळींना चाललं होतं आणि मगनशेठ वर्षाची सुपारी बघायला आला होता. गावातल्या साऱ्या वाड्यांची सुपारी तोच घ्यायचा आणि मुंबईला पाठवायचा. त्या साली त्यानं भाव असा सांगितला की मला वाटलं थट्टा करतोय.

"भाव तो उपरथी आवे छे, मास्तर," तो म्हणाला. "एमां हुं शुं करुं?"

तू बांधावर विडी ओढत बसला होतास. तुला कोणी विचारलं होतं का? पण नाही. "वरून म्हंजे कुठून शेठ? अल्लाकडून का लाटसाहेबाकडून?"

"मुंबईथी. बाजारथी."

"आणि मुंबईच्या बाजाराला कोण सांगतो?"

"विलायतवाळा, सिंगापूरवाळा... अरे भाई, बाजार एटले बाजार!"

तू विडी विझवलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "बघ भटा. अल्लाचा पत्ता निदान मौलवी सांगतो. ह्या बाजाराचा पत्ता कुणालाच ठावा न्हाय, आणि नमाज मात्र सगळे त्याचीच पढतात." मगनशेठ हसला. तो मनुष्य काही वाईट नव्हता. त्यालाही वरच्यानं तसंच सांगितलं होतं.

मी तेव्हा कट्टर स्वदेशीवाला. अजूनही आहे. मी म्हटलं, यात कोडं कसलं? सिंगापूर-पेनांगची सुपारी बोटी भरभरून मुंबईला उतरते, तिनं आपल्याला मारलं. परदेशी कापडाची होळी केली तशी तिचीही करावी, निदान सरकारनं तिच्यावर जबर जकात बसवावी. माझं हे भाषण चांगलं बसलेलं होतं. अलिबागेला सभेत केलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

तू म्हणालास, "ती सुपारी मीच आणली रं."

मग तू त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितलीस. पेनांगच्या धक्क्यावर एक म्हातारा वाडीवाला आपल्या गोणींशेजारी बसला होता. हमाल गोणी उचलत होते आणि तो डोळे पुसत होता. तू त्याला खुणेनं विचारलंस, काय मिळालं? त्यानं रिकामा हात दाखवला. का, म्हणून विचारलंस तर त्यानं बोट आभाळाकडे केलं. "अगदी मगनशेठवानी," तू म्हणालास. "त्याला बी कुणीतरी सांगितलं आसंल, भाव वरून आला, हिंदुस्थानातला माल स्वस्त हाय म्हणून. तुझ्या सुपारीनं तो मेला, त्याच्या सुपारीनं तू मेलास. मंग जगला कोण, भटा?"

मी तुला रशियाचा जावई म्हणून मोकळा झालो. तुला ते फार आवडलं. पुढे कित्येक दिवस तू माझ्या दारात उभा राहून "जावई आलाय, चहा ठेवा" म्हणून हाका मारायचास. जकातीविषयी माझं मत बदललेलं नाही, हे इथेच सांगून टाकतो. तो म्हातारा मला पटतो, पण माझी वाडीही मला पटते. या दोन्ही गोष्टी एका पिशवीत कशा घालायच्या ते तुलाही सांगता आलं नव्हतं. तू नुसता म्हणायचास की दोघा वाडीवाल्यांची एकदा गाठ पडली पाहिजे. कशी पडणार? तू होतास तीच काय ती गाठ.

चहावरून आठवलं. आमच्या घरी तुझा कप निराळा होता, ओटीवरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. त्या काळी सगळ्यांच्याच घरी असायचा, म्हणून त्याचा कोणाला विचार पडत नव्हता. एकदा मी तावातावानं सांगत होतो की आमच्या जुन्या गावात सगळं सामाईक होतं. पाणी सामाईक, गायरान सामाईक, देऊळ सामाईक. तू कपाकडे बोट केलंस. "आणि ह्यो? सबंध गावात एवढी एकच वस्तू निव्वळ माझ्या मालकीची हाय. ही ठेवशील का न्हाय सामाईक?" तू हे म्हणालास आणि स्वतःच खो खो हसलास. ही दारात उभी होती. तिनं कप उचलला, आत नेला, घासला आणि बाकीच्या कपांत मिसळून टाकला. पुढे त्यातला तुझा कुठला, ते मलाही ओळखू येईना. माझ्या व्याख्यानांनी आमच्या घरात जे झालं नाही, ते तुझ्या एका थट्टेनं झालं. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नव्हते. मानतो.

हिचं आणि तुझं माझ्यापेक्षा बरं जमायचं. तू एकदा सांगत होतास की पलीकडच्या एका देशात म्हणे कॉफीचं पीक अतोनात आलं, तर त्यांनी पोतीच्या पोती भट्टीत घातली. तुझ्या बोटीवरच्या कोणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जाळली? का हो?" हिनं विचारलं.

"भाव पडू नये म्हणून, वहिनी."

"मेल्यांना वाटता नाही आली?"

तू मांडीवर अशी थाप मारलीस की मांजर पळालं. "वहिनी, मी परदेशच्या बंदरात खलाशांच्या सभेत तासन् तास उभा राहिलो, तवा पुढारी हेच बोलत व्हते. त्यास्नी एवढं आटोपशीर न्हाय जमलं." ही लाजली आणि तुला दुसरा कप दिला. मला दिला नाही.

पण मीही तुला एकदा गप्प केलं होतं, ते विसरू नकोस. तू तुझ्या त्या कामकऱ्यांच्या राज्याविषयी बोलत होतास. जमीन सगळ्यांची, गिरण्या सगळ्यांच्या, भाव सगळ्यांनी मिळून ठरवायचा. मी विचारलं, "सगळ्यांनी म्हणजे कोणी? शेवटी कोणीतरी साहेब टेबलाशी बसणार, त्याच्याकडून हुकूम सुटणार आणि तुझा तो कामकरी मगनशेठसारखा म्हणणार, वरून आलंय, मी काय करू? मग फरक काय पडला? पागोटं बदललं एवढंच ना?"

तू कप तसाच अर्धा ठेवून उठलास. पुढे बरेच दिवस फिरकला नाहीस आणि मला वाटलं, झालं, आपली दोस्ती तुटली. एका सकाळी मी दात घासत असताना तू कुंपणाच्या पलीकडून ओरडलास, "खळ्यावर!"

"काय खळ्यावर?"

"खळ्यावर ठरवायचं. टेबलाशी न्हाय. ज्याची सुपारी तो समोर, ज्याच्या हातात तराजू तो बी समोर, उघड्यावर, उजेडात. आता बोल."

आपला वाडीवाल्यांचा संघ असा निघाला, कासम. लोक म्हणतात कासमनं काढला. माझा त्यात खारीचा वाटा आहे हे तू स्वतः चारचौघांत सांगायचास. "भटानं शंका काढली नसती तर मी अजून टेबलच धरून बसलो असतो," असं म्हणायचास. इतकं मोकळं मन मला जमलं नाही कधी.

आळी आणि मोहल्ला यांच्या मधलं माझं पडीक खळं सारवून घेतलं. ठरलं असं की ज्यानं त्यानं आपल्या वाडीतली सुपारी उतरवावी, वाळवावी, सोलून घ्यावी आणि सगळी या खळ्यावर आणावी. ढीग एकच करायचा. मोठी, मधली, बारीक अशी निवड तिथे सगळ्यांसमोर व्हायची आणि मगनशेठला एकट्यादुकट्यानं विकायची नाही, गावानं मिळून विकायची. मी तुला बजावलं, "लोक घरातला कचरा आणून ढिगात लोटतील. चांगला माल मागच्या दारानं शेठला देतील. माणूस हावरा असतो."

"माणूस हावरा न्हाय. एकटा हाय," तू म्हणालास. "सगळं आणतील. बघशील."

पहिल्या हंगामाचा तो ढीग! आहाहा! काय सुपारी होती! पांढरी, गोल, टपोरी, एकीला डाग नाही की चीर नाही. दामूअण्णांनी आणली, त्यांची वाडी गावात सगळ्यांत मोठी. पाठोपाठ ज्यांच्या परसात मोजकी झाडं होती त्यांनीही आणली, आणि तीही तशीच. मी थक्क झालो. मी कचऱ्याची वाट बघत होतो आणि कचरा येईचना. तू मिशीला पीळ देत खळ्यावर हिंडत होतास आणि माझ्याकडे बघून भिवया उडवत होतास.

आणि मगनशेठ फिरकलाच नाही. आज येईल, उद्या येईल. काही नाही! शेवटी तू आणि मी त्याच्या पेढीवर गेलो, तर तिथे गोणी रचलेल्या. सुपारीच्याच. मधल्या आणि बारीक मालाच्या. आपल्याच गावच्या!

"आ मंदीमां एक नंबरनी सुपारी कोण खाय, मास्तर?" शेठ म्हणाला. "पानवाळाने मधली जोईए. ते तो मळे छे."

पानवाल्यांना हवी ती मधली त्याला कुठून मिळत होती? घराघरांच्या मागच्या दारांतून. मग आपल्या डोक्यात उजेड पडला. त्या साली परतीचा पाऊस लांबला होता आणि साऱ्या गावाची अर्धी सुपारी काळवंडली होती. पण "अमक्याची सुपारी काळी निघाली" असं भर खळ्यावर कोण ऐकून घेणार? म्हणून घरोघर बायकांनी बसून उत्तमातली उत्तम तेवढी वेचून संघाला दिली. उरलेली माळ्यावर लपवली आणि त्यातली थोडी थोडी शेठनं मागितली त्या भावात गुपचूप द्यायला सुरुवात केली. लोकांनी आपल्याला लुबाडलं नव्हतं रे. त्यांनी आपल्याला अब्रू दिली होती, निवडून, पाखडून, स्वच्छ करून. आणि त्या अब्रूपायी संघ बुडत होता.

तू त्या ढिगाशेजारी मटकन बसलास आणि हसायला लागलास. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलास. "भटा, तू बी चुकलास आणि मी बी चुकलो. तू म्हणालास घाण टाकतील, मी म्हणालो सगळं आणतील. कुठल्या पुढाऱ्याला सांगून खरं वाटंल का हे?" मला हसू येत नव्हतं. मी संघ बंद करायची भाषा बोलायला लागलो होतो.

तू उठलास, घरी गेलास आणि एक टोपली घेऊन आलास. मागोमाग तुझी आई ओरडत आली, "अरं कासम! लाज सोडलीस का रं? माझ्या घरची ती..." खळ्यावर बरीच माणसं होती. त्यांच्या देखत तू ती टोपली त्या पांढऱ्या ढिगावर उपडी केलीस. काळी, किडकी, फुटकी, सुरकुतलेली सुपारी. "ही कासमच्या घरची," तू मोठ्यानं म्हणालास. "माझ्या आईच्या, अमिनाबीच्या वाडीतली. बघून घ्या सगळ्यांनी."

अमिनाखाला पदरात तोंड लपवून घराकडे वळल्या. दामूअण्णा खाली बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात आमची ही आमच्या मागच्या दारानं बाहेर आली. मला न विचारता, बरं का! तिच्या कमरेवर सूप होतं. सुपात माझ्या वाडीतली, म्हणजे चौलच्या मास्तरांच्या, खादीवाल्यांच्या, नमुनेदार वाडीतली सुपारी होती आणि ती तुझ्या आईच्या सुपारीहून काळी होती. तिनं ती ओतली आणि पदर खोचून म्हणाली, "आमची ही अशी आहे. यंदा पावसानं मारलं." तुझी आई वाटेत थांबली. मागे वळून बघायला लागली.

मग जे सुरू झालं ते आठवून आजही हसू येतं. टोपल्या, सुपं, धोतराचे सोगे! "अगो बाई, तुमची पण?" "मग काय, आमची तर निम्मी." "मला वाटलं आमच्याच पोफळींना दृष्ट लागली!" बायका एकमेकींची किडकी सुपारी हातात घेऊन बघत होत्या आणि अशा खिदळत होत्या की लग्नघर वाटावं. ज्याला त्याला वाटत होतं की दैव आपल्यावरच रुसलंय, आणि ते रुसलं होतं सगळ्यांवर, सारखंच. अमिनाखाला ओरडून म्हणाल्या, "आता माझी टोपली तेवढी परत द्या, नवी हाय!"

त्यानंतर मागच्या दारांना काम उरलं नाही. मगनशेठला मधला माल हवा तर तो खळ्यावर, बारीक हवा तर तोही खळ्यावर. तो आला, बसला, घासाघीस केली. मधलीबरोबर एक नंबरही त्याला घ्यावी लागली. कोणी श्रीमंत झालं नाही. भाव अजून वरूनच येतो, त्याच्यापुढे आपलं खळं ते केवढं! पण त्याच्यापुढे एकेकट्यानं हात पसरण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून "का?" विचारणं निराळं असतं, हे मला तिथे कळलं. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे माणसाला काही नवीन कळावं, ही काय लहान गोष्ट झाली?

तू संतुष्ट थोडाच होणार! लगेच दुसरं भांडण काढलंस. झाडावर चढून सुपारी उतरवतो तो पाडेली आणि ती सोलतात त्या बाया, त्यांना संघात जागा का नाही? मी म्हटलं, त्यांना मजुरी मिळते. तू म्हणालास, "मला बी भट्टीत पगार मिळत व्हता. जहाज कुठं जायचं ते मला कुणी विचारलं न्हाय." मी म्हटलं, वाडी ज्याची त्याचा संघ, उद्या बैलाला पण सभासद करशील. तू म्हणालास, बैल तुझ्यापेक्षा कमी हटवादी हाय.

हे भांडण राहिलंच. त्या दिवशी तुझ्या अंगात कसकस होती, तरी त्याच्यावरच बोलत होतास. मग दमलास आणि म्हणालास, "उद्या भांडू." दुसऱ्या दिवशी आलो तेव्हा ताप डोक्यात गेला होता आणि तू मला ओळखलं नाहीस. कोणत्या तरी बोटीवरच्या सोबत्याला हाका मारत होतास. मी त्याच्या नावानं ओ दिली. तू निवांत झालास, म्हणून देतच राहिलो.

आता आजचं सांगतो. तुला माती देऊन थोडेच दिवस झाले आहेत, खळं सुपारीनं भरलंय. मगनशेठ आला आणि त्यानं नवी टूम काढली. दामूअण्णांची आणि माझी, दोनच वाड्यांची सुपारी त्याला वेगळी हवी. यंदा पाऊस बरा झाला, आमचा माल सरस उतरलाय, तेव्हा आम्हाला निराळा आणि भरघोस भाव. बाकीचे आपलं बघून घेतील. उघड होतं सगळं. आम्ही दोघं ढिगातून निघालो की बाकीच्यांची सुपारी त्याच्या दयेवर. त्या बाकीच्यांत अमिनाखालाही. त्यांच्या चार झाडांना आता पाणी घालायलाही कोणी नाही.

दामूअण्णा म्हणाले, "शेठ म्हणतो त्यात गैर काय? कासम होता तोवर त्याच्या शब्दाखातर चालवलं. आता मास्तरांनीच सांगावं. पहिल्यापासून त्यांचा या एका ढिगाला विरोधच होता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि कासम, खरं होतं ते! इतकी वर्षं त्याच खळ्यावर मी तुझा प्रत्येक शब्द खोडून काढत आलो होतो. माझंच जुनं बोलणं दामूअण्णा मला परत देत होते. भरघोस भाव मलाही हवा होता. आमच्या घराचं छप्पर तुला ठाऊकच आहे.

मी उभा राहिलो. भाषण सुचेना. अलिबागेचं ते टाळ्यांचं भाषण तर अजिबात आठवेना. मी एवढंच म्हटलं, "कासमचं बरोबर होतं."

कडेला सुपारी निवडत बसलेली गंगू सोलणारी, जिला संघात जागा नाही ती, मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, नीट ऐकू न्हाय आलं. पुन्यांदा सांगा."

लोक हसले. मी पुन्हा सांगितलं, या खेपेला घसा फोडून. "कासमचं बरोबर होतं! ढीग एकच राहील. माझी सुपारी यातून हलणार नाही."

"अरे, पण तूच तर म्हणायचास..." दामूअण्णा चिडले.

"म्हणायचो. त्याच्याशी भांडायला कोणीतरी हवं होतं ना?"

दामूअण्णा पुटपुटत निघून गेले. जाताना शेठशी बोलले नाहीत आणि आपली सुपारीही उचलली नाही. अजून ती तिथेच आहे. शेठनं पाणी मागितलं, प्यायला आणि सगळ्या ढिगाचा भाव बोलायला बसला. गंगूनं मला जाता जाता अडवलं आणि विचारलं, "मंग आमचं काय, मास्तर? कासमभाई बोलत व्हते ते?" ही डोकेदुखी तू मला ठेवून गेला आहेस. आता मी गंगूशी कोणत्या तोंडानं भांडू? पुढच्या बैठकीत तिला बोलायला उभी करीन म्हणतो. दामूअण्णा मला जातीबाहेर टाकतील.

तिथून उठून मी मोहल्ल्यात गेलो. अमिनाखाला दारातच बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. शेठ काय म्हणाला, मी काय म्हणालो, ढीग कसा राहिला. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्याचं बरोबर व्हतं, असं तू म्हणालास?"

"हो."

"सगळ्यांम्होरं?"

"दोनदा."

"मंग त्याला का न्हाय सांगितलंस, विनू? जिता व्हता तवा?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर डोक्यावर बसला असता, खाला."

"बसू द्यायचा व्हतास, बाळा," त्या म्हणाल्या. "तेवढं ऐकायलाच तर रोज येत व्हता तुझ्याकडं."

मला तिथे बसवेना. घरी आलो आणि हे लिहायला घेतलं. तुझं बरोबर होतं, कासम. बस आता डोक्यावर.